पिल्लांच्या दारातलं जांभळं पाणी

काल दुपारी तुमसरच्या राइस मिलमधून तुसाची ट्रॉली आली. ड्रायव्हरने विचारलं, "कुठं टाकू बाई?" मी आधी गोठ्याकडे हात केला, मग अंगणाकडे. त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि स्वतःच्याच मनाने गोठ्यासमोर ढीग करून तो निघून गेला. तूस म्हणजे धान भरडल्यावर उरलेली टरफलं. ताजं असलं की त्याला धुळकट, गरम वास येतो. तव्यावर जरा जास्त राहिलेल्या भाकरीच्या कडेसारखा. दिवाळी झाली, बांध्यांमधलं, म्हणजे बांध घातलेल्या शेतांतलं, धान कापून झालं, गावोगावच्या मंडई-जत्रेच्या तारखा ठरल्या, की हा वास येतोच. मग ही नक्की कुठल्या वर्षीची दिवाळी, हे मला थोडा वेळ कळत नाही.

या आठवड्यात आमच्याकडे कोंबडीच्या पिल्लांची पेटी यायची आहे, आणि माझा दादाही यायचा आहे. जतहून. माझ्या लग्नानंतर पहिल्यांदाच. दोघांचाही मला सारखाच घोर. पिल्लांना ऊब पुरेल का, आणि दादाला दोन्ही वेळचा भात चालेल का.

जत म्हणजे सांगली जिल्ह्याचं कोरडं टोक. आमचे हे तेव्हा त्या बाजूला मालट्रक चालवायचे. आमच्या आळीत गाडी दुरुस्तीला लागली, आठ-दहा दिवस अडकली, आणि पुढचं सगळं झालं. आता हे चिखल्याच्या खाणीतून मँगनीज वाहणारी गाडी चालवतात आणि मी राज्याच्या दुसऱ्या टोकाच्या या गावात राहते, जिथे घराच्या मागे तलाव आहे आणि तलावाच्या मागे आणखी एक तलाव आहे. पहिल्या वर्षी मला हे पाणी बघूनच धडकी भरायची. एवढं पाणी असं उघड्यावर ठेवतात, आणि कोणी राखण करत नाही?

लग्न होऊन पहिल्यांदा या दारात उभी राहिले तेव्हा सासूबाईंनी पाय धुवायला बादलीभर पाणी ठेवलं होतं. जतला आमच्याकडे पाहुण्याला तांब्याभर पाणी प्यायला, आणि पायांवर त्यातलंच उरलेलं, जपून. मी घोटाभर पाणी पायांवर घेतलं आणि बादली परत आत न्यायला उचलली. बायका हसल्या. सासूबाई म्हणाल्या, "ओत ना वं सारं. पायाले का मापून पाणी देते का कोनी?" मी सगळी बादली ओतली. ते पाणी अंगणातून वाहत वाहत गेलं ते अजून डोळ्यांपुढे आहे. त्या दिवशी मला रडू आलं होतं. पाणी वाया गेल्याचं वाईट वाटलं, की एवढं पाणी माझ्यासाठी काढलं म्हणून बरं वाटलं, ते मात्र आठवत नाही.

माझी शाळा नववीतून सुटली. आई आजारी पडली, दुसऱ्या दिवशी मी गेले नाही, आणि मग कधीच गेले नाही. तेव्हापासून मला वाटतं की जे काही महत्त्वाचं शिकवलं ते मी नव्हते त्याच दिवशी शिकवलं असणार. कोंबडीपालनाच्या प्रशिक्षणालाही तसंच झालं. तालुक्याला दोन दिवस बसवलं होतं. बाकीचे लोक प्रश्न विचारत होते, मी मान हलवत होते. सर म्हणाले, पिल्लं दिव्याखाली गोळा झाली तर समजा थंडी वाजते, लांब पळाली तर उकडतंय, सगळीकडे पसरली तर सुखात आहेत. मी मान हलवली. सर म्हणाले, बाहेरच्या माणसाला शेडमध्ये पाय ठेवू देऊ नका, रोग पायांतून येतो. मी मान हलवली, आणि मनात आलं, बाहेरचं माणूस म्हणजे कोण? या गावात तर मीच.

गाव तेव्हा मला "सांगलीवाली" म्हणायचं. वाईट कुणी वागलं नाही. हे खरंच सांगते. नळावर जागा करून द्यायचे, भाजी द्यायचे, वाटेत थांबून "काय म्हणते?" विचारायचे. पण आमच्या घरात कुणी येऊन बसायचं नाही. मी बोलायला लागले की समोरची बाई थोडी हसून ऐकायची, जशी टीव्हीवरची मालिका ऐकतात. मीही कमी बोलू लागले. "काहून" म्हणजे "का" हे कळायला मला वेळ लागला, आणि कळल्यावरही "काहून" विचारलं की उत्तर काय द्यायचं ते कळायचं नाही.

मग एका दिवाळीनंतर पिल्लांची पहिली पेटी आली. पुठ्ठ्याची, बाजूंना गोल भोकं असलेली. ह्यांनी ती गाडीतून उतरवून गोठ्यात ठेवली आणि सगळं घर आतल्या चिवचिवाटाने भरलं. सासूबाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "पेटीत पाऊस पडून राह्यला वाटते," त्या म्हणाल्या.

गोठा मी आधीच झाडून, चुना मारून ठेवला होता. खाली तूस, तुसावर वर्तमानपत्रं, कारण पहिले दिवस पिल्लं तूसच दाणे समजून खातात. मधे पालथी टोपली टांगून तिच्यात बल्ब. भोवती पत्र्याचं गोल कुंपण, म्हणजे पिल्लं कोपऱ्यात दाटीने चेंगरणार नाहीत. एवढं सगळं केलं आणि मग पहिलं पिल्लू हातात घेतलं. त्याला वजनच नव्हतं. त्याची चोच पाण्यात बुडवायची, म्हणजे पाणी कुठे आहे ते त्याला कळतं. पाणी गुळाचं.

"गुळाचं?" सासूबाई म्हणाल्या. "पाहुण्यायले देते तसं?"

"हो आई. प्रवासानं थकलेली असतात ना. सरांनी सांगितलंय."

"मंग पाय धुवायले बी देशील का त्यायले?"

आणि त्या स्वतःच्याच बोलण्यावर किती तरी वेळ हसल्या. हसता हसता खाली बसल्या आणि एकेक पिल्लू उचलून चोच बुडवू लागल्या. "पे बापा, पे. दूरून आला तू."

सरांनी सांगितलं होतं त्यातलं काहीच माझ्या पिल्लांनी ऐकलं नाही. काही दिव्याखाली गोळा झाली, काही लांब गेली, आणि काही भलतीकडेच पाय ताणून आडवी पडली. मेली की काय म्हणून मी एक उचललं तर ते झोपेतून उठून माझ्यावर ओरडलं. थंडी आहे की उकाडा? मी बल्ब खाली घेतला, वर घेतला, पुन्हा खाली घेतला. ह्यांना खाणीवर फोन केला. ते म्हणाले, "तुले जे वाटते ते कर." मला काय वाटतंय हेच तर मी विचारत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंचफुलाकाकू आल्या. शेजारच्या. दोन वर्षांत पहिल्यांदा त्या उंबऱ्याच्या आत आल्या होत्या. "पाहू दे वं सांगलीवाली, तुयी पिल्लं पाहू दे," म्हणत सरळ गोठ्यात शिरल्या. अनवाणी. त्यांच्या परसात त्यांच्या स्वतःच्या कोंबड्या फिरतात, तिथूनच आल्या होत्या. माझ्या तोंडात सरांचं वाक्य आलं आणि तिथेच राहिलं. मी काय केलं? चहा ठेवला. साखर जास्त घातली.

मग रोज कोणी ना कोणी येऊ लागलं. मंडई जवळ आली होती. मंडई म्हणजे इकडची दिवाळीनंतरची जत्रा. प्रत्येक गावाची वेगळ्या दिवशी, म्हणजे सगळ्यांना सगळ्यांकडे जाता येतं. लेकी, जावई, साळे, मेव्हणे घरोघरी उतरतात. दिवसा बाजार, रात्री नाटक. आणि त्या वर्षी आमच्या गावात आलेल्या पाहुण्यांना दाखवायला एक नवी गोष्ट होती. "चाला ना, सांगलीवालीची पिल्लं पाहून येऊ." लहान पोरं पिल्लांना गालाला लावायची. एक म्हातारी बल्बच्या उबेपाशी बसूनच राहिली, म्हणाली, "लय मस्त वाटून राह्यलं इथं." मी कपबश्या विसळत होते आणि मला आनंद झाला होता. अगदी खरा आनंद. माझं घर माणसांनी भरलं होतं. प्रत्येक नव्या पावलाकडे मी धास्तीने बघतही होते. एकाच मनात दोन्ही कसं राहतं कोण जाणे.

एका दुपारी पंचफुलाकाकू गोठ्यातच बसल्या होत्या. मांडीवर पिल्लू. बोलता बोलता म्हणाल्या, "आमच्या कोंबड्यायले का झालं मालूम नाही. दोन मेल्या. एक मान वाकडी करून बसली हाये सकाळपासून."

मान वाकडी. मानमोडी. सरांनी त्या रोगाचं नाव दोनदा घेतलं होतं. सगळी पिल्लं एका आठवड्यात जातात म्हणाले होते. माझ्या पिल्लांच्या डोळ्यांत लसीचे थेंब कालच टाकले होते, आणि लस लागू व्हायला दिवस लागतात, हे मला आठवत होतं की मी मनानेच ठरवत होते, देव जाणे. मी काकूंच्या पायांकडे पाहिलं. मग मांडीवरच्या पिल्लाकडे. ते त्यांच्या बोटाला चोच मारत होतं.

संध्याकाळी चार पिल्लं पंख पाडून उभी होती. थंडीने? रोगाने? एवढ्या हातांनी हाताळल्यामुळे? सकाळी ती चारही गेली. मी त्यांना तलावाकडच्या बाजूला खड्डा करून पुरलं, वर चुना टाकला, आणि येऊन गोठ्याचं दार लावून घेतलं.

नेमक्या त्याच सकाळी काकू आपल्या लेकीला घेऊन आल्या. लेक मंडईला म्हणून गोंदियाकडून आलेली, कडेवर वर्षाचं बाळ. मी दारात उभी राहिले. हात चौकटीला.

"आज नको काकू."

"काहून?"

हाच तो शब्द. रोग पायांतून येतो हे सांगायचं म्हणजे तुमच्या पायांतून आला असं सांगायचं. ते माझ्या तोंडून निघेना. मी पुन्हा म्हणाले, "आज नको." काकूंनी वर पाहिलं. चौकटीवर सासूबाईंनी पहिल्याच दिवशी लिंबू-मिरची बांधली होती, सगळेच बांधतात तशी. काकूंनी लिंबू-मिरची पाहिली, बंद दार पाहिलं, आपल्या लेकीकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा एकदम बदलला. तेव्हा मला कळलं की त्यांना काय कळलं. नवं बाळ असो की पिल्लं, बघायला आलेल्या बाईला दारातून परत पाठवायचं, म्हणजे तिची नजर लागते असं म्हणणं. यापेक्षा वाईट इथे काही म्हणता येत नाही. मी ते न बोलता म्हणून बसले होते.

"चाल वं," काकू लेकीला म्हणाल्या. "आपले डोये खराब हाये."

नळावर दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी कुणी जागा केली नाही. भांडं घेऊन मी शेवटी उभी राहिले. पाठीमागून आवाज आला, "पाहुणे बनून आली, आन आता आमालेच पाहुणे बनवून राह्यली." कोण बोललं ते मी वळून पाहिलं नाही. घरी येऊन ह्यांना फोन केला. गाडीच्या आवाजात ते ओरडून म्हणाले, "दार उघड, नाही त नको उघडू, पण रडू नको!" दोन दिवस मी दार उघडलं नाही. पिल्लं मरायची थांबली नाहीत, पण मरणं वाढलंही नाही, रोज एखादं. दार उघडलं तर पिल्लं जातील, आणि बंद ठेवलं तर माणसं गेलीच होती. दोन्हीकडे विचार केला. दोन्हीकडून मीच चुकत होते.

सासूबाई या सगळ्यात आपलं काम करत राहिल्या. भात रांधला, वाढला. मला वाटलं रागावल्या.

मंडईच्या दिवशी सकाळी उन्हं आली तेव्हा त्या मोठी ॲल्युमिनियमची परात घेऊन गोठ्याकडे गेल्या. दाराशी ठेवली. बादलीने पाणी ओतलं. मग मला म्हणाल्या, "तुह्या सरानं ते पाय धुवायचं औषद देल्लं होतं ना? कुठं हाये?"

पोटॅशची, म्हणजे पोटॅशियम परमँगनेटची, पुडी मी वापरलीच नव्हती. म्हणजे ती कशी वापरायची ते मला समजलंच नव्हतं. चिमूटभर म्हणाले होते बहुतेक. मी भीतीपोटी अर्धी पुडी टाकली. पाणी वांग्यासारखं जांभळं झालं.

"हे का केलं बापा," सासूबाई म्हणाल्या, आणि पदर खोचून पंचफुलाकाकूंच्या घराकडे चालू लागल्या. मी थांबवायच्या आत गेल्या. अंगणातूनच त्यांचा आवाज ऐकू आला. "पंचफुला! मंडईच्या दिवशी बी घरी नाही येत का? चाल, पाय धुवायले पाणी ठेवलं हाये."

असं पाणी ठेवलं म्हटल्यावर इथे कुणाला नाही म्हणता येत नाही. काकू आल्या. तोंड फुगवून, लेक मागे. परातीशी थांबल्या. पाण्याचा रंग बघून म्हणाल्या, "हे का हाये? वांग्याचं सार?"

"औषद हाये. शहरातले पाहुणे असेच पाय धुते," सासूबाई ठणकावून म्हणाल्या. हे त्यांनी कुठून काढलं, माहीत नाही.

काकूंनी परातीत एक पाय ठेवला, मग दुसरा. बाहेर काढले. उन्हात वाळता वाळता त्यांच्या पायांवर तपकिरी डाग उमटले, घोट्यापर्यंत. त्यांनी साडी वर धरून स्वतःच्या पायांकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं, आणि फुस्सकन हसल्या. "धुतले का रंगवले वं? नवरीवाणी दिसून राह्यली मी! म्हातारा घरी घेईन का आता मले?"

सगळ्या हसल्या. मीही हसले असेन. मी कडी काढून दार उघडलं. पण काकू आत आल्या नाहीत. चौकटीबाहेरच उभ्या राहिल्या, आणि लेक पुढे निघाली तर तिचा दंड धरून तिला मागे ओढलं. "अंदर नको जाऊ. आपल्या घरी कोंबड्या मरून राह्यल्या. इथूनच पाह्य." मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "सांगत जा ना वं, तोंड हाये ना तुले."

मी मान हलवली.

पुढे बरीच पिल्लं जगली. का जगली ते मला माहीत नाही. लस लागू पडली असेल. थंडी कमी झाली असेल. जांभळ्या पाण्याने असेल. किंवा तो रोगच नसेल, माझ्या बल्बच्या वर-खाली करण्यानेच ती बिचारी मरत असतील. आणि सासूबाईंनी परात ठेवली ती रोगासाठी की पंचफुलाकाकूंसाठी? मी एकदा विचारलं. त्या म्हणाल्या, "पानी ठेवाचं असते म्हनून ठेवलं." यावर पुढे काय विचारायचं? काकूंना तरी आधीपासून सगळं कळत होतं का? कळत होतं तर त्या मांडीवर पिल्लू घेऊन का बसल्या? मी या बायकांचे उपकार मानते, पण नेमके कशाबद्दल मानायचे ते अजून ठरत नाही. म्हणून सगळ्याबद्दलच मानते.

परात तेव्हापासून, इतकी वर्षं, दाराशीच आहे. आता मी चिमूटभरच टाकते. तरी माझ्या टाचांवरचा तपकिरी रंग जात नाही.

एवढं लिहून ठेवलं होतं. मधे पिल्लं आली, आणि आज सकाळी दादा आला. तुमसर रोड स्टेशनला उतरला, ह्यांनी गाडीवर आणला. दाढी पांढरी झाली आहे त्याची. माझ्याकडे बघून म्हणाला, "काय गं, लई वाळलीस की." मग भरल्या तलावाकडे किती तरी वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, "एवढं पाणी असून बी वाळलीस?" सासूबाईंनी बादली भरून ठेवली होती. त्याने घोटाभर पाणी पायांवर घेतलं आणि उरलेली बादली उचलून, अगदी जपून, आत आणली. मी सासूबाईंकडे पाहिलं, सासूबाईंनी माझ्याकडे.

दुपारी त्याला पिल्लं दाखवायला घेऊन गेले. पंचफुलाकाकू तुसाच्या ढिगापाशी बसून चाळणीने धूळ काढत होत्या. त्यांचे गुडघे आता दुखतात, पण मंडईच्या आधी त्या येतातच. दादा सरळ गोठ्याच्या दाराकडे निघाला.

"ओ पाहुणे, थांबा ना!" काकू बसल्या जागेवरून ओरडल्या. "असे कसे अंदर चालले? आधी पाय."

"घरात धुतलं की पाय. आणि मी तिचा भाऊ हाय मावशी. सख्खा."

"भाऊ असान. पाय त बाहेरूनच आले ना? तिथं बाहेरच्या मानसाले तसं जाता नाही येत. आमच्या घरचा नियम हाये."

आमच्या घरचा. दादा थबकला. परातीतल्या जांभळ्या पाण्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, लहानपणी माझी कोणी तक्रार केली की बघायचा तसं, खरं-खोटं काय ते तूच सांग म्हणून. आतून पिल्लांचा आवाज येत होता. पेटीतल्या पावसासारखा. मला त्याला सांगायचं होतं की काकूंचं मनावर घेऊ नकोस. काकूंना सांगायचं होतं की तो खूप लांबून आलाय, एक दिवस जाऊ दे.

"तू सांग की गं," दादा म्हणाला. "थांबू का येऊ?"

"पाय धू दादा," मी म्हणाले. "पिल्लं लहान आहेत."

त्याने विजार वर केली आणि घाबरत घाबरत एक पाय पाण्यात घातला. मी बाजूला व्हावं म्हणून खाली पाहिलं. परातीत त्याच्या पायाशेजारी माझाही एक पाय होता, तपकिरी टाचेचा. तो मी कधी ठेवला, आणि आत जाताना ठेवला की बाहेर येताना, ते काही केल्या मला आठवेना.